लागणीची तारीख

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत जा, ओसरीच्या भिंतीवर हल्ली एक तक्ता रंगवलेला दिसतो. पहिलीच्या मुलानं चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचावं आणि ९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंत संख्या. तिसरीत मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, आणि ९,९९९ पर्यंत संख्या. ही ‘निपुण भारत’ची उद्दिष्टं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं हे अभियान सुरू केलं आणि २०२६-२७ पर्यंत देशातलं प्रत्येक मूल तिसरी संपताना इथवर पोचलेलं असेल, असं ठरवलं. आमच्या शाळेतल्या तक्त्यात पेंटर ‘आकलनासह’ मधला ‘ल’ खाऊन बसला होता, तो नंतर वरून घुसडलाय. त्या एका अक्षरामुळे तो तक्ता मी नीट वाचला, हेही खरं.

साठ शब्द म्हणजे किती? आमचा थोरला तिसरीत आहे. एका रविवारी मोबाईलवर वेळ लावून त्याला पुस्तकातला साठेक शब्दांचा उतारा वाचायला दिला. साधारण सात-आठ ओळी होतात. ‘वेळ लावलीय’ हे कळल्याबरोबर गडी असा सुटला की पूर्णविराम, स्वल्पविराम सगळे गिळून टाकले. ‘दृष्टी’ला अडखळला, बोट तिथंच दाबून धरलं, दोनदा ‘दृ-दृ’ केलं आणि पुढं निघाला. मिनिटाच्या आत उतारा संपला. मग विचारलं, “आजीनं काय दिलं?” तर म्हणाला, “कुणाला?” त्याच संध्याकाळी भाकरी होईपर्यंत चुलतीला त्यानं तोच उतारा निवांत वाचून दाखवला. वेग मिनिटाला साठच्या आतच भरला असेल. पण आजीनं काय दिलं, कुणाला दिलं आणि ते द्यायला नको होतं, असं सगळं सांगितलं.

तरीही ही उद्दिष्टं अवास्तव आहेत असं मला वाटत नाही. तिसरी संपताना पोराला सात-आठ ओळी समजून वाचता याव्यात, ही अपेक्षा कुठल्याच अंगानं जास्त नाही. शब्द मोजण्याची पद्धत सगळ्या भाषांना सारखी लागू पडत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांची देशभर पाहणी झाली तेव्हा भाषेगणिक वेगवेगळी पातळी ठरवली गेली होती. तेव्हा साठ की पंचावन्न, हा वाद मी घालत नाही. त्या आकड्याशेजारी न लिहिलेल्या दोन गोष्टी आहेत, तारीख आणि टक्के. माझं भांडण त्यांच्याशी आहे.

माझी थोरली बहीण जत तालुक्याच्या पूर्व भागात, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पोरं घरी कन्नड बोलतात. तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत, पण वस्तीला चालत जाण्याजोगी आहे ती ही मराठी. गेल्या वर्षी तिच्याकडे तिसरीत चार मुलं होती. “उद्दिष्ट टक्क्यात येतंय रे,” ताई म्हणाली, “चार पोरांत टक्के कसे काढू? पंचाहत्तर म्हणजे तीन पोरं. तपासणीच्या दिवशी एकाला ताप आला की शाळा पन्नासवर. मग केंद्रप्रमुखांचा फोन, मॅडम, प्रगती घसरली कशी?” सातारा जिल्ह्यात जावळी-महाबळेश्वरच्या डोंगरात तर अख्ख्या शाळेचा पट हाताच्या बोटांवर मोजण्याएवढा असतो. तिथं टक्का या गोष्टीला काही अर्थच उरत नाही, तरी रकाना भरावा लागतोच.

त्या चौघांतली एक मुलगी. तिचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीत. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघायची ती उन्हाळ्याच्या तोंडाला परतायची, आणि पहिली-दुसरीची दोन वर्षं ही त्यांच्याबरोबरच फडावर होती. तिसरीत पहिल्यांदा अज्जीपाशी राहिली. कायद्यानं मुलाला वयाप्रमाणे वर्ग मिळतो, म्हणून ती तिसरीत. जूनमध्ये तिला मराठीची मोजकी अक्षरं येत होती. ताईनं घराचं चित्र दाखवून ‘घर’ म्हटलं की ती हळूच ‘मने’ म्हणायची, आणि मग ताईलाच आधी तिच्याकडून चार शब्द शिकावे लागले. फेब्रुवारीत तीच पोरगी काना-मात्रा जोडून शब्द वाचत होती. किराणा दुकानात अज्जीला साबणाच्या वेष्टनावरचं वाचून दाखवायची आणि छापलेली किंमत कमी आहे म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालायची.

त्याच वर्गातला दुसरा मुलगा, ग्रामसेवकाचा. जूनमध्येच उतारा धडाधड वाचायचा. मार्चमध्येही वाचला.

अहवालात तो साध्य, ती असाध्य. तिनं वर्षभरात जे अंतर कापलं ते त्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि त्यानं फारसं काही न कापता शाळेला पंचवीस टक्के मिळवून दिले.

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात आहे. आमच्याकडेही उद्दिष्टं असतात, गाळप किती, उतारा (उसातून निघणारी साखर) किती. पण शेतकऱ्याच्या बांधावर गेल्यावर पहिला प्रश्न असतो, लागण कधीची, म्हणजे ऊस लावला कधी? जुलै-ऑगस्टची आडसाली असेल तर ती दीड वर्षाची होऊ द्यावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी आणखी वेगळी. जानेवारी-फेब्रुवारीची सुरू लागण साधारण बारा महिन्यांनी येते, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याचं गणित निराळंच. जात कुठली, रान कसलं, पाणी किती फेरे मिळालं, हेही धरावं लागतं. प्रत्येक प्लॉटची नोंद कारखान्याच्या दप्तरी असते आणि तोडणीचा प्रोग्राम त्या नोंदीवर लागतो. एखाद्या वर्षी आडसाली आणि सुरू एकाच दिवशी तोडा असा हुकूम आला, तर तोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा आमचा चिटबॉयसुद्धा हसेल. कच्चा ऊस तोडून नेला की उतारा पडतो, आणि शेतकऱ्याला दोष देऊन तो काही वाढत नाही. शाळेतल्या पोराची मात्र लागणीची तारीख दप्तरी कुठंच नसते. जन्मतारीख असते, तिचा इथं उपयोग नाही.

गंमत म्हणजे कायद्याला हे कळलेलं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कामं दिली आहेत. एक काम, ठरलेल्या वेळेत सगळा अभ्यासक्रम पूर्ण करणे. त्याच्या लगेच खालचं काम, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे. ज्यानं कुणी ही दोन पोटकलमं एकाखाली एक लिहिली त्यानं ताईच्या शाळेत एक आठवडा काढावा. पहिलं पोटकलम पाळायला वेळापत्रक आहे, तपासणी आहे, शेरेबुक आहे. दुसरं पाळायला मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटं आहेत, आणि त्यातही पोषण आहाराच्या नोंदी करायच्या असतात.

पाठ्यपुस्तक पुढं पळतंय आणि पोरं मागं राहतायत, हे आता कुणाला नवं नाही. ‘असर’ या शिक्षण-पाहणीची माणसं २००५ पासून खेडोपाडी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. त्यांचं साधन एका पानात मावतं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या किती मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचता आली? २०१८ मध्ये ५०.५ टक्के. कोरोनात शाळा बंद राहिल्यावर २०२२ मध्ये ४२.८. २०२४ मध्ये ४८.८. म्हणजे पाचवीच्या वर्गात बाई फळ्यावर पाचवीचं शिकवतात तेव्हा निम्म्या वर्गाला ते वाचताच येत नसतं. आमच्या सांगलीत तर मधे २०१९ आणि २०२१ चे महापूरही येऊन गेले. नदीकाठच्या पोरांचं पुस्तक-वही, कपडे, घर सगळं पाण्यात गेलं, आणि पुढच्या चाचणीचं वेळापत्रक मात्र सगळ्यांसारखंच आलं.

महाराष्ट्रात याआधीही अशी मोहीम झाली होती. जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आठवत असेल. पायाभूत चाचणी, मग संकलित चाचण्या, शाळा प्रगत की अप्रगत, शंभर टक्के मुलं प्रगत. हेतू चांगला होता, आणि त्या काळात काही शाळा खरोखर उभ्या राहिल्या हे मी पाहिलंय. पण शिक्षकांच्या गप्पांत तेव्हा एक वाक्य सर्रास असायचं: पायाभूतला हात आखडता ठेवा. सुरुवात कमी दाखवली की पुढं प्रगती आपोआप दिसते. यात शिक्षक लबाड आहेत असं मी म्हणणार नाही. ज्या आकड्यावर बदलीपासून सत्कारापर्यंत सगळं लटकतं, तो आकडा माणसं सांभाळतात. आमच्याही धंद्यात वजनकाट्यावर कशाला इतके डोळे असतात?

दहावीला तर हा खेळ उघड्यावर येतो. निकालानंतर चौकाचौकात फ्लेक्स लागतात, ‘शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा कायम’. ही परंपरा कशी राखतात ते नववीच्या पालकांना विचारा. आमच्या भावकीतल्या एका मुलाच्या वडिलांना नववीच्या निकालादिवशी शाळेत बोलावून घेतलं. चहा दिला. पोरगं हुशार आहे, पण गणितात कच्चं आहे, आमच्याकडे राहिलं तर त्याचं नुकसान होईल, त्यापेक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे बाहेरून परीक्षा. तो पास होवो नाहीतर नापास, शाळेच्या नियमित मुलांच्या निकालात तो धरला जात नाही. उद्दिष्ट गाठायचा सोपा रस्ता असा, की जे पोचणार नाहीत त्यांना आधीच गाडीतून उतरवायचं. शाळेचं नाव मी लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना आपापल्या तालुक्यातलं आठवेलच.

खाजगी इंग्रजी माध्यमाची तऱ्हा उलटी. तिथं उद्दिष्ट पालकच आणतात आणि शाळा ते फीमध्ये धरते. स्कॉलरशिप, नवोदय, सैनिक स्कूल, ऑलिम्पियाड, शिवाय अबॅकस. पाचवीच्या पोराला रात्री दहापर्यंत बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवताना पाहिलं की बोलवत नाही. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी सोडून देतो.

मग मूल जिथून निघालं तिथून मोजायचं, असं ठरवलं की सुटला का प्रश्न? तसंही नाही. माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथं मूल अकरा वर्षांचं होताना प्राथमिकच्या शेवटी इंग्रजी-गणिताची परीक्षा होते, आणि सोळाव्या वर्षीच्या आठ विषयांत त्यानं किती मजल मारली हे त्या जुन्या गुणांशी ताडून पाहतात. २०१६ पासून शाळांचा हिशेब असा होऊ लागला. ऐकायला मी म्हणतोय तेच वाटतं. पण ही मोजणी होती शाळेसाठी; शाळांनी ती उतरवली मुलांच्या वहीवर. त्याच्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीवर पहिल्याच महिन्यात अपेक्षित श्रेणी चिकटवलेली होती, आणि ती निघाली होती तिच्या इंग्रजी-गणिताच्या गुणांवरून. चित्र काढायच्या आधीच! कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ला त्या अकराव्या वर्षाच्या परीक्षाच झाल्या नाहीत, तेव्हा २०२५ आणि २०२६ च्या सोळा वर्षांच्या मुलांसाठी हे गणित मांडायला आधारच राहिला नाही. पोरं तरीही शिकली आणि परीक्षेला बसली.

सुरुवातीच्या गुणांवरून शेवट ठरवायचा म्हटलं की मला भीती वाटते ती ‘वास्तववादी’ या विशेषणाची. आपल्याकडे ते कुणासाठी वापरलं जातं हे आपल्याला चांगलं माहीत आहे. “या पोरांकडून काय होणार, वाचायला आलं तरी पुष्कळ.” ऊसतोडीवाल्याच्या पोरीला साठ शब्द कशाला, वीस चालतील, हे दयाळूपणानं म्हटलेलं वाक्य मी शिक्षकांच्याच तोंडून ऐकलंय. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव पटावर चढलं. आता तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी त्या मुलासाठी कुणी वास्तववादी उद्दिष्ट लिहायला बसलं असतं तर काय लिहिलं असतं? आणि १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा गावोगावची शहाणी माणसं जे म्हणत होती, ते त्या काळचं वास्तवच होतं. भाऊरावांनी पोरांची इयत्ता खाली आणली नाही. राहायला वसतिगृह दिलं, कमवून शिकायची सोय दिली, म्हणजे वेळ दिला.

म्हणून मला ती साठची रेघ खाली नको आहे. जतच्या त्या मुलीलाही साठच हवेत. फक्त तिला ते याच मार्चमध्ये हवेत असं नाही, आणि पुढच्या जूनमध्ये चौथीचं पुस्तक हातात देऊन तिची वाट बंद करायची नाही. हे करता येतं. ‘प्रथम’ या संस्थेनं वर्षानुवर्षं हेच केलं: दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवायची, शब्दवाल्यांचा एक गट, उताऱ्यावाल्यांचा एक, आणि जमलं की पोरगं पुढच्या गटात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या आणि २०१९ च्या त्यांच्या नोबेलच्या वेळी त्यांचा उल्लेखही झाला. आपल्या शेजारी सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, आहेच. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी पोरांना आपल्या गतीनं, हाताळत, एकमेकांशी बोलत शिकू दिलं, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या आल्या. परत जाऊन कित्येकांनी आपल्या शाळेच्या फरश्या तिथल्यासारख्याच रंगवल्या. फरशी रंगवायला एक दिवस पुरतो. पोरांना त्यांच्या गतीवर सोडून द्यायला वरिष्ठांची परवानगी लागते, ती त्या गाड्यांतून आली नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर ऐकवलं, तेव्हा ती जरा चिडलीच. “तारीख काढून टाका म्हणणं सोपं आहे तुला. पंधरा वर्षं बघतेय मी. तारीख नसली की काही शाळांत पोरगं चौथीपर्यंत अक्षरांवरच बसतं आणि कुणी विचारत नाही. निपुण आल्यापासून निदान कुणीतरी येऊन पोराला वाचायला लावतंय. आधी कोण लावत होतं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोडा वेळ गेल्यावर तीच म्हणाली, “तारीख राहू दे. पण शेजारी जूनचा रकाना दे मला. मग तू म्हणशील त्या तारखेला ये तपासायला.”

तो रकाना आमच्या शाळेत घालून बघावा म्हणून मी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढला. मुख्याध्यापक म्हणाले, “ॲपमध्ये तशी सोय नाही. पण आपल्या रजिस्टरला घालायला कोण अडवतंय?” ठराव होत आला होता, तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका आईनं विचारलं, “म्हणजे माझी पोरगी मागं हाय, असं लिहून ठेवणार का तुम्ही?” एकदम शांतता. ग्रामपंचायतीचे सदस्य काहीतरी समजावू लागले, पण तिचं समाधान झालं नाही, आणि होण्यासारखं ते बोलतही नव्हते. कागदावर उतरलेला ‘मागं’ पोराला किती वर्षं चिकटतो, हे त्या बाईला आमच्यापेक्षा जास्त माहीत असावं. शेवटी असं ठरलं, की रजिस्टर वर्गशिक्षकांपाशी राहील, पालकाला फक्त आपल्याच मुलाचं पान दाखवायचं, पानावर शेरा लिहायचा नाही, जूनमध्ये काय येत होतं आणि नंतर काय येऊ लागलं एवढंच तारखेसह लिहायचं. त्या आईनं “बघू” म्हणून सही केली.

दुसरी-तिसरीच्या जूनच्या नोंदी झाल्यात. चौथीच्या राहिल्यात, बाई प्रशिक्षणाला गेल्या आहेत.